आकड्यामागची ग्रंथी

रक्ततपासणीच्या कागदावर कॅल्शियमचा आकडा साडेनऊच्या आसपास दिसला की डॉक्टरांची नजर पुढच्या ओळीकडे जाते आणि रुग्णही निर्धास्त होतो. १०० मिलिलिटर रक्तद्रवात साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम ही निरोगी माणसाची मर्यादा. आकडा खरा असतो. मात्र तो कोणाच्या जिवावर राखला आहे, हे त्या कागदावर लिहिलेले नसते. रोजच्या ताटातून आलेल्या कॅल्शियमवर तो उभा असेल, किंवा हाडांतून रोज थोडे थोडे काढून आणलेल्या कॅल्शियमवर. कागदाला दोन्ही सारखेच. फरक उमटतो तो मानेत, अवटू ग्रंथीला चिकटलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार परावटू ग्रंथींच्या पेशींत. पुढची पाने त्या पेशींबद्दल आहेत, आणि ज्या प्राण्यांत त्या फार बारकाईने पाहिल्या गेल्या त्या कृंतकांबद्दल, म्हणजे उंदीर-घुशींच्या कुरतडणाऱ्या गणाबद्दल.

भंडारा जिल्ह्यात बसून हा विषय मांडावा, याला कारण आहे. वैनगंगेच्या दोन्ही अंगांना, साकोली-लाखनीपासून पवनी-लाखांदूरपर्यंत, माजी मालगुजारी तलावांच्या पाण्यावर येथे धान पिकते. माणसाच्या ताटात भात आणि जनावराच्या गव्हाणीत धानाचे तणस, हे येथल्या जगण्याचे मूळ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांत पॉलिश केलेल्या १०० ग्रॅम कच्च्या तांदळात कॅल्शियम जेमतेम साडेसात मिलिग्रॅम आहे. तेवढ्याच नाचणीत ते ३६० मिलिग्रॅमच्या वर आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी रोजच्या कॅल्शियमची शिफारस ६०० वरून १००० मिलिग्रॅमवर नेली. अर्धा किलो तांदूळ शिजवून खाल्ला तरी त्यातून चाळीस मिलिग्रॅमही हाती लागत नाही. तलावातली बारीक मासळी काट्यासकट खाल्ली जाते त्या घरांत ही तूट काही अंशी भरते. ज्या घरी मासळी क्वचित आणि दूध विकायलाच जाते, तिथे दिवसभर चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बाईचा आकडा तरीही साडेनऊ कसा राहतो? हा प्रश्न मला अस्वस्थ करतो, आणि पुढचे प्रत्येक प्रकरण त्याच्याच मुळाशी जाणारे आहे.

ग्रंथीचा शोध लागला तो एका भारतीय प्राण्याच्या मानेत. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ मध्ये मेलेल्या भारतीय गेंड्याचे विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांना अवटू ग्रंथीला लागून एक लहान पिवळसर गाठ दिसली आणि त्यांनी तिची नोंद केली. स्वीडनमधील उप्साला येथे ईवार सँडस्ट्रॉम या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने १८७७ मध्ये कुत्र्यात, नंतर इतर प्राण्यांत आणि माणसात ती शोधली व १८८० मध्ये सविस्तर वर्णन छापले. ग्रंथी काढली की प्राण्याच्या स्नायूंना उबळी येतात, हे पुढच्या दोन दशकांत कळले. उबळींचे कारण मात्र १९०९ मध्ये विल्यम मॅकॅलम आणि कार्ल फोग्टलिन यांनी उलगडले: रक्तातले कॅल्शियम घसरते, आणि कॅल्शियम दिले की उबळी थांबतात. १९२५ मध्ये जेम्स कॉलिप यांनी ग्रंथीचा प्रभावी अर्क तयार केला. इतिहासाचा एवढा धागा पुरे. तो इतरत्र विस्ताराने वाचायला मिळतो.

उंदीर या कथेत आला तो व्हिएन्नाच्या याकोब एर्डहाइम यांच्यामुळे. (या पुस्तकात उंदीर म्हणजे प्रयोगशाळेतला मोठा पांढरा उंदीर, रॅट.) १९०६ मध्ये त्यांनी उंदरांच्या परावटू ग्रंथी डागून नष्ट केल्या आणि नंतर त्यांचे दात पाहिले. उंदराचे पटाशीचे दात आयुष्यभर वाढत राहतात; कुरतडण्याने झिजतात आणि मुळाशी नव्याने घडतात. ग्रंथी गेल्यावर घडलेल्या दंतिनात चुना नीट बसलेला नव्हता. दात मऊ, अपारदर्शक, ठिसूळ झाले आणि मोडू लागले. ग्रंथी गेली तो दिवस जणू दातातच नोंदला गेला होता. शरीरातले ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते, हे आज शाळेत शिकवतात. पण तो साठा आणि मानेतली मिलिमीटरभर गाठ यांचे नाते एवढ्या उघडपणे दाखवणारा प्राणी दुसरा नाही. कृंतकांची निवड केवळ स्वस्त आणि सहज मिळतात म्हणून झाली, असे मला वाटत नाही.

उंदराच्या शरीररचनेत मात्र एक अडचण आहे, आणि तिने विद्यार्थ्यांची बरीच फसगत केली आहे. माणसात परावटूच्या दोन जोड्या असतात, उंदरात एकच. ती अवटू ग्रंथीच्या पृष्ठभागात रुतलेली असते. त्यामुळे ग्रंथी डागली की शेजारच्या अवटूलाही चटका बसतो. १९६३ मध्ये फिलिप हिर्श, पॉल मन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. शस्त्राने ग्रंथी काढलेल्या उंदरांपेक्षा डागलेल्या उंदरांचे कॅल्शियम जास्त वेगाने घसरत होते. ग्रंथी दोन्हींत गेली होती, मग हा फरक कशाचा? अवटूला बसलेल्या चटक्याने तिच्यातला कॅल्शियम उतरवणारा दुसराच एक पदार्थ रक्तात सुटत होता. हॅरल्ड कॉप यांनी वर्षभरापूर्वी कॅल्सिटोनिन असे ज्याचे नाव ठेवले होते, तोच हा. प्रयोगातल्या खोटीतून एक संप्रेरक हाती आले. ही हकीकत मी येथे मुद्दाम दिली आहे, कारण कृंतकांच्या परावटूवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येकाला आजही तोच प्रश्न स्वतःला विचारावा लागतो: मला जे दिसते आहे ते परावटूमुळे, की शेजाऱ्यामुळे?

आता पेशीकडे येऊ. परावटूतील मुख्य पेशी लहान असते, केंद्रक गोल आणि सभोवतालचा पेशीद्रव फिकट. तिचे काम एकच, परावटू संप्रेरक घडवणे आणि सोडणे. अंतर्द्रव्यजालिकेवर ११५ अमिनो आम्लांची एक लांब साखळी तयार होते, ती कापत कापत ९० ची आणि शेवटी गॉल्जी पिंडात ८४ ची होते. तयार संप्रेरक बारीक कणांत भरून पेशीच्या कडेला ठेवले जाते. रक्तात गेल्यावर त्याचे आयुष्य काही मिनिटांचेच. तेवढ्यात ते हाडातून कॅल्शियम सोडवते, मूत्रपिंडातून वाया जाणारे परत वळवते आणि तेथेच ड जीवनसत्त्वाला त्याचे कार्यक्षम रूप देते. ते रूप आतड्याला अन्नातले कॅल्शियम अधिक शोषायला लावते.

ही पेशी इतर ग्रंथींच्या पेशींपेक्षा मुळातच उलटी आहे. स्वादुपिंडाची पेशी घ्या, अधिवृक्काची घ्या. त्यांच्यात कॅल्शियम वाढले की स्राव सुटतो. परावटूच्या पेशीभोवती कॅल्शियम वाढले की स्राव थांबतो. कॅल्शियम हे तिच्यासाठी मौनाची खूण आहे. पेशीला ही खूण कळते कशी, हे अनेक दशके गूढ होते. १९९३ मध्ये एडवर्ड ब्राउन, स्टीव्हन हेबर्ट आणि सहकाऱ्यांनी गायीच्या परावटूतून तो ग्राही वेगळा काढला. पेशीच्या पटलावर बसलेले हे प्रथिन बाहेरच्या कॅल्शियमची मात्रा ओळखते आणि आत संदेश धाडते. दोनच वर्षांनी तो ग्राही नसलेले छोटे उंदीर (माउस) तयार करण्यात आले. दोन्ही जनुके गमावलेल्या पिल्लांच्या रक्तात कॅल्शियम चढलेले असूनही त्यांच्या परावटू फुगलेल्या आणि संप्रेरक ओसंडत होते. रक्तात भरपूर कॅल्शियम, आणि ते जाणणारे कोणी नाही. त्या पिल्लांच्या हाडांची दशा वाचताना मन विषण्ण होते.

ग्राही सापडण्याच्या तीस वर्षे आधी सॅनफर्ड रॉथ आणि लॉरेन्स रेझ यांनी जे केले, ते मला या क्षेत्रातले सर्वांत स्वच्छ काम वाटते. जिवंत प्राण्यात कॅल्शियम बदलले की त्याबरोबर दहा गोष्टी बदलतात: फॉस्फेट, ड जीवनसत्त्व, कॅल्सिटोनिन, मूत्रपिंडाचे काम. म्हणून त्यांनी उंदराची परावटू शरीराबाहेर काढून पोषक द्रवात जिवंत ठेवली आणि त्या द्रवातले फक्त कॅल्शियम कमी-जास्त केले. मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. १९६४ आणि १९६६ च्या त्यांच्या लेखांतली निरीक्षणे आजही या विषयाचा पाया आहेत. कॅल्शियम कमी असलेल्या द्रवात पेशी मोठ्या झाल्या, अंतर्द्रव्यजालिका थरावर थर वाढली आणि गॉल्जी पिंड पसरला. कॅल्शियम जास्त असलेल्या द्रवात त्याच पेशी आकसल्या आणि त्यांची आतली यंत्रणा ओसरली. द्रव बदलून पुन्हा पहिल्यासारखा केला की पेशीही पूर्ववत होत होत्या. म्हणजे पेशीचे रूप तिच्या कामाप्रमाणे घडते आणि मोडते. स्लाइडवर दिसते ती पेशीची त्या घडीची अवस्था असते.

शरीरात हा प्रतिसाद तीन वेगवेगळ्या वेळांनी येतो. कॅल्शियम घसरताच काही क्षणांत साठवलेले संप्रेरक बाहेर पडते. तूट काही तास टिकली तर पेशी नवे संप्रेरक कमी नष्ट करते आणि संप्रेरकाचा निरोप वाहणारा आरएनए जास्त काळ टिकवून धरते. जेरुसलेमच्या जस्टिन सिल्व्हर आणि ताली नावेह-मेनी यांनी हे उंदरांत दाखवले. तूट दिवसानुदिवस चालली तर एरवी क्वचितच विभागणाऱ्या या पेशी विभागू लागतात आणि ग्रंथीच मोठी होते. कमी कॅल्शियमच्या खाद्यावर ठेवलेल्या उंदराचे रक्त तपासले तर आकडा बराच काळ मर्यादेच्या जवळपास राहू शकतो. त्याची मांडीची हाडे मात्र पातळ होत जातात आणि परावटू फुगत जाते. आमच्या रोवणीच्या बाईबद्दल विचारलेल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते.

उरलेले अर्धेही उंदरांनीच दिले, आणि ते अधिक बोचणारे आहे. भारतातल्या खेड्यांत ऊन मुबलक, मग उन्हात राबणाऱ्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी का सापडावे? १९८७ मध्ये एम. आर. क्लेमेंट्स, एल. जॉन्सन आणि डी. आर. फ्रेझर यांनी ‘नेचर’मध्ये एक प्रयोग मांडला. कॅल्शियम कमी दिलेल्या उंदरांत परावटू संप्रेरक वाढते, त्याने ड जीवनसत्त्वाचे कार्यक्षम रूप वाढते आणि हे रूप यकृताला ड जीवनसत्त्व लवकर निकामी करायला लावते. उन्हाने मिळवलेले ताटातल्या तुटीने गमावले. पुढे तिरुपतीच्या सी. व्ही. हरिनारायण यांनी आंध्रातील ग्रामीण लोकांच्या आहारात कमी कॅल्शियम आणि जास्त फायटेट असल्याचे दाखवून याच दिशेने बोट केले. फायटेट म्हणजे धान्याच्या कोंड्यातले ते द्रव्य, जे कॅल्शियमला बांधून ठेवते. गोळी देऊन ड जीवनसत्त्वाचा आकडा वर नेणे सोपे आहे. ताट तसेच राहिले तर मानेतल्या पेशींना विसावा मिळेल, असे मला वाटत नाही.

संप्रेरकांचा परावटूवर होणारा परिणाम हा या पुस्तकाचा सर्वांत नाजूक भाग. कॅल्सिटोनिन टोचले आणि परावटूच्या पेशी सक्रिय झाल्या, असे दिसले तर घाईने निष्कर्ष काढू नये. कॅल्सिटोनिनने रक्तातले कॅल्शियम उतरवले आणि त्या उतरलेल्या कॅल्शियमने पेशी जागवल्या, हा सरळ मार्ग आधी तपासावा लागतो. परावटू संप्रेरकच बाहेरून दिले तर कॅल्शियम चढते आणि पेशी निवांत होतात. तेथेही तोच प्रश्न. कार्यक्षम ड जीवनसत्त्वाच्या बाबतीत मात्र थेट परिणामाचा पुरावा आहे. सिल्व्हर आणि नावेह-मेनी यांनी १९८६ मध्ये उंदरांना एवढी कमी मात्रा दिली की रक्तातले कॅल्शियम वाढले नाही, तरीही परावटू संप्रेरकाच्या जनुकाचे काम मंदावले. फॉस्फेटही पेशीला थेट चेतवते. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांच्या परावटू फुगतात त्यामागे हेही एक कारण आहे. इस्ट्रोजेनबद्दलचे प्रयोग एका सुरात बोलत नाहीत, म्हणून त्या प्रकरणात दोन्ही बाजू ठेवल्या आहेत.

आणि मातृत्व. उंदरीण एकवीस-बावीस दिवसांत विते, सहा ते बारा पिल्ले होतात, आणि तीन आठवडे ती त्यांना पाजते. या काळात तिच्या हाडांतले चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक खनिज दुधात जाऊ शकते. पिल्ले दूध सोडतात तशी हाडे पुन्हा भरतात. पाजणाऱ्या उंदरिणीत परावटू संप्रेरक चढलेले आढळते. पाजणाऱ्या स्त्रीत सहसा ते चढत नाही, कारण तिच्या स्तनातूनच निघणारे, १९८७ मध्ये ओळखले गेलेले, परावटू संप्रेरकासारखे प्रथिन हाडांतून कॅल्शियम काढण्याचे काम करते. उंदरावरून माणसावर उडी मारणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा. दहा पिल्लांची आई आणि एका बाळाची आई यांच्यावरचा भार सारखा नसतो.

गोठ्यातला एक दाखला येथे टाळवत नाही, कारण या जिल्ह्यातला प्रत्येक गोपालक तो ओळखतो. व्यालेली दुभती गाय दुसऱ्याच दिवशी बसते, मान पोटाकडे वळवते, कान गार पडतात. पशुवैद्यक शिरेतून कॅल्शियम देतात आणि गाय उठते. हा दुग्धज्वर. चार्ल्स केपन आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात दाखवले की विण्याआधी भरपूर कॅल्शियम खाऊ घातलेल्या गायींच्या परावटू पेशी निष्क्रिय झालेल्या असतात. विताना एकदम मागणी आली की त्या वेळेवर जाग्या होत नाहीत. इकडे तणसावर पोसलेल्या जनावराची अडचण वेगळी: तणसात कॅल्शियम कमी, आणि जे आहे त्यातले बरेच ऑक्झलेटने बांधलेले. एकाच ग्रंथीला अति आणि कमी, दोन्ही भोवतात.

कृंतकांकडे परत वळायचे तर आपल्या जंगलातला सर्वांत बोलका प्राणी साळिंदर. कोका अभयारण्यात, नागझिऱ्याच्या पट्ट्यात चितळ-सांबरांची गळालेली शिंगे कुरतडलेल्या अवस्थेत सापडतात. त्यांवर समांतर चऱ्या असतात, त्या साळिंदराच्या पटाशीच्या दातांच्या. हाडे आणि शिंगे कुरतडून तो दात झिजवतो आणि कॅल्शियम-फॉस्फरसही मिळवतो. मुळे, कंद, सालींवर जगणारा हा प्राणी आपली तूट जंगलातच भरून काढतो. धानाच्या बांधीत राहणारी छोटी घूस बिळात लोंब्या साठवते. तिच्या आहारात धान हेच मुख्य. एकाच गणातले, एकाच जिल्ह्यातले दोन प्राणी, आणि कॅल्शियम मिळवण्याच्या दोन अगदी वेगळ्या रीती. प्रयोगशाळेत खाद्याचे डबे बदलून जो फरक आपण घडवतो, तो येथे बांधी आणि जंगल यांच्यामध्ये आपोआप घडलेला असण्याची शक्यता आहे. कॅल्शियमचा अभ्यास आपल्या देशातल्या प्राण्यांत करण्याची परंपरा जुनी आहे. गोरखपूर विद्यापीठात के. स्वरूप आणि अजय कुमार श्रीवास्तव यांनी मासे आणि साप यांच्यात या संप्रेरकांचे परिणाम तपासले. आपल्याकडे नागपूरच्या विज्ञान संस्थेत ए. गोपालकृष्ण यांनी वटवाघळांच्या भ्रूणविकासावर आयुष्य वेचले आणि त्यांचे अनेक विद्यार्थी विदर्भातल्या महाविद्यालयांत शिकवू लागले. मेणात बसवलेल्या ऊतीचे पाच-सहा मायक्रॉनचे काप घेऊन त्यांतून प्राण्याचे आयुष्य वाचण्याची शिस्त या भागात रुजली ती अशी. भंडाऱ्याच्या जे. एम. पटेल महाविद्यालयातला प्राणिशास्त्राचा विद्यार्थी त्या शिस्तीचा वारस आहे, आणि हे पुस्तक मराठीत असण्याचे कारणही तोच.

त्याला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. प्राण्यांवरच्या प्रयोगांना आता प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या कायद्याखालील समितीची आणि संस्थेच्या नैतिक समितीची मंजुरी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ नंतर वर्गातली विच्छेदने टप्प्याटप्प्याने बंद करत आणली. हे योग्यच झाले. मंजुरी मिळालेल्या थोड्या प्राण्यांतून जास्तीत जास्त ज्ञान निघाले पाहिजे, ही जबाबदारी त्यामुळे वाढली आहे. विदर्भातल्या जुन्या कपाटांत पडून असलेल्या स्लाइड नव्याने पाहणे, हेही संशोधनच आहे.

दुसरी गोष्ट वाचनाची. पेशीत साठ्याचे कण कमी दिसले की नवखा विद्यार्थी ती झोपलेली समजतो. प्रत्यक्षात कॅल्शियमच्या तुटीत ती घडवते तेवढे लगेच सोडते, म्हणून कण उरत नाहीत. फिकट पेशी आणि गडद पेशी यांतला काही फरक ऊत स्थिर करण्याच्या घाईगडबडीतूनही येतो. पेशीचा आकार, केंद्रकाचा व्यास, ग्रंथीचे आकारमान मोजावे, त्याच प्राण्याच्या रक्तातले कॅल्शियम, फॉस्फेट आणि संप्रेरक त्याच दिवशी तपासावे, आणि मांडीच्या हाडाची राख तोलून खनिजाचा हिशेब लावावा. या तिन्ही नोंदी एकमेकींशी जुळल्याशिवाय पेशीच्या रूपावरून काहीही ठामपणे लिहू नये. आणि बांधीतली घूस असो की प्रयोगशाळेतला उंदीर, प्रत्येक स्लाइडच्या चिठ्ठीवर महिना, मादी गाभण होती की पाजणारी, आणि तिच्या पोटात काय सापडले, हे लिहिलेले असावे.